नाचून झाल्यावर

"एकदा मिलिटरी आणा, सगळे सरळ होतील." वाईच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य नेहमी कानावर येतं. खड्डा बुजला नाही, दाखला मिळाला नाही, की हेच औषध. ते सुचवणाऱ्यांना आफ्रिकेतल्या गॅबनची गोष्ट सांगायची आहे.

३० ऑगस्ट २०२३. पहाटे राष्ट्राध्यक्ष अली बोंगो निवडणूक जिंकल्याचं जाहीर झालं आणि लगोलग गणवेशातले अधिकारी टीव्हीवर आले: निकाल रद्द, सत्ता आमची. राजधानी लिब्रव्हिलची माणसं रस्त्यावर येऊन नाचली. त्या नाचाला मी नावं ठेवणार नाही. बाप-लेकांनी मिळून ५६ वर्षं राज्य केलं होतं; मतानं जे हलत नव्हतं ते बंदुकीनं हललं.

पण बंदूक कुणाची? बोंगोंच्याच पहाऱ्यावरच्या दलाचे प्रमुख, जनरल ओलिगी न्गेमा यांची. महिनाभर आधी नायजरमध्येही पहाऱ्याच्याच प्रमुखानं राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कोंडलं. ते तर लोकांनी निवडून दिलेले. तरी राजधानी नियामेत जल्लोष झालाच.

गॅबनच्या उठावाच्याच तारखेला, त्याच्या बरोबर २५० वर्षं आधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पहाऱ्यावरच्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. त्यांचे काका राघोबादादांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. सगळे वाकले; न्यायाधीश असलेले माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे वाकले नाहीत. त्यांनी चौकशी केली, दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पुणं सोडलं आणि येऊन राहिले ते आपल्या वाईजवळच्या खेड्यात. या मातीला तो मान आहे. इथं बसून गारदी मागणं शोभत नाही.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी फौजी आहेत. त्यांनी सीमा राखली, तख्त मागितलं नाही. त्यांच्या नावानं आपण ते मागणं हा त्यांचाही अपमान आहे.

आणि नाचून झाल्यावर काय? सत्ता नागरिकांच्या हाती देऊ म्हणणारे ओलिगी एप्रिल २०२५ मध्ये स्वतःच निवडणुकीला उभे राहिले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतं घेऊन बसले. बुर्किना फासोत २०२२ या एकाच वर्षात दोन उठाव झाले. पहिल्या लष्करशहाला दुसऱ्यानं काढलं.

खड्ड्याचा जाब नगरसेवकाला विचारा, रोज विचारा. नाही ऐकलं तर पाच वर्षांनी पाडा. गारद्याला पाडायला दुसरा गारदीच लागतो.