व्हर्नियरवाले अप्पा

लोक वस्तू विकत घेतात. अप्पा वस्तू पास करतात. पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात जन्म काढलेला हा माणूस रिटायर झाला, पण खिशातला व्हर्नियर अजून ड्यूटीवर आहे. गुडघे-खांद्यांसाठी घरी थोडी वजनं उचला, असं डॉक्टर बोलून गेले आणि अप्पांच्या डोक्यात केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला वजनी गोळा, शिरली.

दुकानातला पोरगा हौसेनं रंग दाखवू लागला. अप्पांनी गोळा उलटा केला आणि मुठीच्या आतून अंगठा फिरवला.

"पार्टिंग लाइन घासलेली नाही. तळहाताची सालटी निघतील."

"काका, ग्लोव्ह्ज देऊ का?"

अप्पांनी त्याच्याकडे रिजेक्टेड मालाकडे बघावं तसं बघितलं.

पंचाईत अशी, की अप्पांचं चुकत काहीच नाही. मूठ आणि गोळा एकाच ओतकामातले हवेत. वेल्डिंगचा सांधा सुटला तर तो वजन डोक्यावर असतानाच सुटायचा. प्लॅस्टिकच्या वेष्टनातली सिमेंटवाली स्वस्त पडते, पण त्याच वजनाला अंगानं फुगीर, मनगटावर आदळते. चकचकीत रंग घामानं निसटतो, पावडर कोटिंगला पकड असते. बूड सपाट नसेल तर फरशीवर डुलते, आणि खालच्या मजल्यावर जोशी राहतात.

स्पर्धेतली पोलादी केटलबेल पाहून मात्र अप्पांचा ऊर भरून आला. 8 किलोची घ्या की 32 ची, बाहेरचा आकार तोच; वजन वाढलं तरी हाताची सवय मोडत नाही. "ह्याला म्हणतात स्टँडर्डायझेशन!" मग दोन्ही हात मुठीत घालून पाहिले. दाटी झाली. नापास.

केटलबेलच्या किलोंचे 16, 24, 32 हे आकडे रशियातल्या 'पूड' या जुन्या मापावरून आलेत, आणि एक पूड म्हणजे 16.38 किलो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. वरच्या 380 ग्रॅमचं काय केलंत, असा जाब त्यांनी त्या पोराला विचारला.

सुरुवात किती किलोनं करावी, यावर घरी तक्ते झाले. ते चालू असताना वहिनींनी तीसेक किलोचा भरलेला सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेला आणि येताना "जरा पाय वर घ्या" म्हणाल्या.

हल्ली नवा लॉट आला की पोरगाच फोन करतो. अप्पा जातात, एकेक गोळा उचलून डोळ्यांसमोर फिरवतात. टाकाऊ डावीकडे, पास उजवीकडे. तास-दीड तास मोडतो. दंड असे भरलेत की वहिनींना सदऱ्याच्या बाह्या सैल कराव्या लागल्या.

"पास झालेल्यांतली एखादी घेऊन टाका की," मी म्हटलं.

"त्या गिऱ्हाइकांसाठी पास," अप्पा म्हणाले. "घरच्या मालाला टॉलरन्स वेगळा."