काचेकडे बघणारी माणसं

संग्रहालयवाल्यांचा विभागीय मेळावा सुरू होण्याआधीच ओळखू येतो. सभागृहात शिरणारा प्रत्येक जण आधी छताकडे बघतो, मग खिडकीकडे, मग भिंतीच्या खालच्या दोन फुटांकडे. छताला गळती नाही, खिडकीतून थेट ऊन येत नाही, भिंतीला ओल नाही, एवढं पक्कं झालं की मगच तो खुर्ची ओढतो. व्यासपीठावर कोण बसलंय याची चौकशी पुढे चहाच्या वेळी होते. दीपप्रज्वलनाला समई आली की पहिल्या दोन रांगांत चुळबुळ सुरू. पेटत्या वातीपासून मागचा मखमली पडदा किती फुटांवर आहे याचा अंदाज घेण्यात प्रमुख पाहुण्यांचा निम्मा परिचय निघून जातो.

असे मेळावे घ्यायला गाव इतिहासातलं लागतं. समजा, सातारा. शाहू महाराजांची राजधानी, डोक्यावर अजिंक्यतारा, आणि अहवालात ‘ऐतिहासिक नगरीत’ असं छातीठोकपणे लिहिण्याची सोय. परतताना कंदी पेढे नेता येतात, ही बाब निमंत्रणपत्रिकेत नसते, पण उपस्थितीच्या आकड्यात असते.

या मंडळींत माणसाची ओळख नावाने होत नाही, वस्तूने होते. ‘हे आमचे पोसायडन’ असं म्हणून कुणी एखाद्या सडपातळ, मिशीवाल्या गृहस्थांना पुढे केलं तर नवख्याने दचकू नये. ते कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाशी संबंधित असतात. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची रोमन ब्राँझमूर्ती आहे. पंचगंगेकाठी समुद्राचा देव काय करत होता, या प्रश्नातून प्राचीन काळच्या व्यापारावर प्रकाश पडतो, आणि त्या गृहस्थांना कुठल्याही सत्रात पंधरा मिनिटं हमखास मिळतात.

त्यांना तोडीस तोड असतात तेरवाले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाचा मान म्हणजे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची थेट बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत मिळाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालं, म्हणजे ती बाई त्याआधीच तिकडे पोचलेली होती. ती घडली तेर-भोकरदनच्या बाजूला असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तेरहून निघालेली बाई त्या काळात इटलीला पोचली; तेरहून निघालेले प्रतिनिधी साताऱ्याला पोचतात तेव्हा पहिलं सत्र संपून पोहे थंड झालेले असतात.

नागपूरकरांना वयाचा मान. त्यांचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, आणि नागपुरात आजही रिक्षावाल्याला ‘मध्यवर्ती संग्रहालय’ सांगण्यापेक्षा ‘अजब बंगला’ सांगितलेलं बरं. बडोदेकरांचं दुःख निराळं. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या त्यांच्या संग्रहालयात अकोट्याची जैन ब्राँझ शिल्पं आहेत, ज्यांच्यासाठी अभ्यासकाने जन्म खर्ची घालावा. काहींनी तो घातलाही. पण त्याच इमारतीत एक इजिप्शियन ममी आणि निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा प्रचंड सांगाडा आहे. त्यामुळे अकोट्यावर तीस वर्षं घालवलेल्या माणसाला दारात रोज एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘ममी कुठंय?’ खरं तर हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. पहिल्या क्रमांकावर स्वच्छतागृह आहे आणि ते जगातल्या कुठल्याही संग्रहालयात तिथून हललेलं नाही.

पहिलं सत्र नेहमीच ‘संग्रहालय म्हणजे काय?’ या विषयाचं. ज्यांनी वीस-वीस वर्षं संग्रहालयात काढली त्यांना हे सांगायला बाहेरून वक्ता बोलावलेला असतो. पण वक्त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण हा प्रश्न जगालाही सुटत नव्हता. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद १९४६ पासून आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचं अधिवेशन क्योटोला भरलं तेव्हा नव्या व्याख्येचा एक मसुदा मांडला गेला. त्यात लोकशाही होती, बहुआवाजी संवाद होता, मानवी प्रतिष्ठा होती, पृथ्वीचं कल्याण होतं. टीकाकार म्हणाले, ही व्याख्या नाही, हा जाहीरनामा आहे. मतदान व्याख्येवर झालंच नाही. मतदान पुढे ढकलावं का यावर झालं, आणि ७०.४१ टक्क्यांनी ‘ढकला’ असं सांगितलं. मग राजीनामे, समित्या, जगभर प्रश्नावल्या. शेवटी २४ ऑगस्ट २०२२ला प्रागमध्ये ४८७ मतं बाजूने, २३ विरुद्ध आणि १७ तटस्थ, अशा मतदानाने व्याख्या मंजूर झाली. जपणं, अभ्यासणं, मांडणं ही जुनी कामं राहिली. सर्वसमावेशकता आणि शाश्वतता हे शब्द नव्याने आले.

वक्ता ही व्याख्या पडद्यावर दाखवतो. सभागृह आदराने वाचतं. मग मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ अभिरक्षक हात वर करतात. ‘सगळं बसलं यात,’ ते म्हणतात, ‘फक्त कबुतरं बसत नाहीत. ती आमच्याकडे छताला बसतात.’

टाळ्या पडतात त्या इथे. आणि खरा मेळावा सुरू होतो तो यानंतरच्या चहाला. कबुतर हा या क्षेत्राला बांधून ठेवणारा एकमेव धागा आहे. कुणी जाळी लावली, कुणी चकचकीत सीडी टांगल्या, कुणी प्लास्टिकचं घुबड बसवलं. घुबडाच्या डोक्यावर कबुतराने घरटं केल्याचा फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जातो. त्यानंतर वाळवी. त्यानंतर कसर. डांबरगोळ्या की कडुनिंबाचा पाला, यावरून दोन तट पडतात आणि दोन्ही तटांत तज्ज्ञ असतात. पैठणीच्या घडीवर काळी रेघ पडू नये म्हणून ती गुंडाळून ठेवावी, लघुचित्रावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पाडू नये, पावसाळ्यात सिलिका जेल कढईत भाजून पुन्हा वापरता येतं: हे ज्ञान शोधनिबंधात कमी आणि बिस्किटं बुडवताना जास्त मिळतं. एक सहायक अभिरक्षक बाई सांगतात की त्यांनी सिलिका जेल घरच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकवलं. ‘मग?’ ‘मग सासूबाईंनी विचारलं, कसले शेंगदाणे गं?’

केळकरांचं नाव निघाल्याशिवाय चहा संपत नाही. दिनकर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी घरोघर हिंडून अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुलपं, फण्या, झारे गोळा केले. लहान वयात गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरातला हा पसारा राज्याला देऊन टाकला. पुण्यात जे मांडलेलं दिसतं त्याहून कितीतरी जास्त पेट्यांत आहे. सरकारी संग्रहालयांत काम करणाऱ्यांना केळकरांचं कौतुक असतं आणि किंचित असूयाही. अडकित्ता आवडला, घेतला, घरी आणला. ना तीन निविदा, ना खरेदी समिती, ना लेखापरीक्षकाचा ‘अडकित्त्याचं कार्यालयीन प्रयोजन काय?’ असा शेरा.

दुपारच्या सत्राचा विषय मात्र साताऱ्यात भरलेल्या मेळाव्याला टाळताच येत नाही. वाघनखं.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा साताऱ्याच्याच संग्रहालयात मांडली गेली. पुढे ती नागपूरला गेली. ती ब्रिटनला नेली जेम्स ग्रँट डफने. हा डफ १८१८ नंतर साताऱ्यातच रेसिडेंट होता, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून त्याला अजून बोल लावले जातात. वाघनखांबरोबर एक पेटी आहे, नंतर स्कॉटलंडमध्ये करून घेतलेली, आणि तिच्यावर मजकूर आहे. त्या मजकुराचा आशय असा: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, पेशव्यांच्या पंतप्रधानाने ते ग्रँट डफला दिलं.

आता महाराष्ट्रात चौथी पास झालेलं कुठलंही मूल सांगेल की अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता. आणि पेशवा हाच राज्याचा पंतप्रधान असताना त्याला आणखी एक पंतप्रधान कशाला? दोन वाक्यांच्या पाटीत दोन गोच्या. संग्रहालयवाल्यांना या पेटीबद्दल विलक्षण जिव्हाळा वाटतो. आपल्याकडच्या पाट्यांची जाहीर चेष्टा होते, आणि इथे लंडनच्या काचपेटीत इतकी वर्षं हे सुखाने नांदत होतं!

लंडनवाल्यांनी मात्र आपली बाजू सावरून ठेवली आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली तेव्हा ही वाघनखं डफकडे आली असतील, पण १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरलेली ती हीच, हे पडताळता आलेलं नाही, असं ते स्पष्ट सांगतात. इकडे काही इतिहास अभ्यासकांनी जाहीर हरकत घेतली, काहींनी त्या हरकतीवर हरकत घेतली. या सगळ्याच्या मधोमध असतो साडेसहा इंच बाय चार इंचाचा एक कोरा पुठ्ठा. त्यावर काय लिहायचं?

मेळाव्यात यावर गटचर्चा होते. पहिला गट लिहितो: ‘परंपरेनुसार छत्रपती शिवाजी महाराजांची मानली जाणारी.’ दुसरा गट ‘परंपरेनुसार’ काढून ‘संभवतः’ घालतो. तिसऱ्या गटाला ‘असावीत’ पुरेसं वाटतं. ‘असावे’ हे या व्यवसायाचं कुलदैवत आहे. ‘हे दहाव्या शतकातील असावे’, ‘देवीची मूर्ती असावी’, ‘धान्य मोजण्याचे साधन असावे’. त्याच्या आडोशाला पिढ्यान्‌पिढ्या अभिरक्षक सुखरूप निवृत्त झाले आहेत. पण रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या आजीला ते चालत नाही. ती दारातच चपला काढते, काचपेटीसमोर डोळे मिटून हात जोडते आणि पाटी न वाचताच पुढे जाते. पाटीवर ‘असावीत’ असतं आणि आजीच्या लेखी ती असतातच. पहारेकऱ्याने तिला चपला घालायला सांगायच्या की आपणही काढायच्या, हा प्रश्न कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेला नाही. खरं सांगायचं तर दिवसभरातली सर्वांत कसदार चर्चा हीच असते, आणि इतिवृत्तात तिच्यासाठी ‘साधकबाधक चर्चा झाली’ एवढीच ओळ येते.

मौल्यवान वस्तू हलवण्यावरचं सादरीकरण त्यानंतर असतं. विमा, खोके, फेस, तापमान. इथे घारापुरीचा हत्ती निघाला नाही असं होत नाही. बेटाला ज्याच्यामुळे फिरंग्यांनी ‘एलिफंटा’ म्हटलं तो दगडी हत्ती इंग्रजांनी १८६४ मध्ये विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडले गेले आणि आज तो मुंबईत राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परत मागण्याची, उसनवारीची, करारांची वेळच त्याने येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सहल. साताऱ्याहून औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे संस्थानिक. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं, लघुचित्रं, युरोपीय शिल्पांच्या प्रतिकृती. आणि या सगळ्यांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं ‘माता आणि बालक’. ज्या मूरच्या कामासाठी माणसं विमानाची तिकिटं काढतात, त्याचं शिल्प बघायला इथे एसटीने येता येतं.

बसमधून उतरलेले पन्नास तज्ज्ञ रविवर्म्यासमोर अर्धवर्तुळात उभे राहतात. गाढ शांतता. मग एक जण खाली वाकतो. ‘काच साधी आहे की लॅमिनेटेड?’ दुसरा चौकटीच्या मागे बोट घालू बघतो आणि तिसरा त्याचं मनगट धरतो. चौथ्याने मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप उघडलेलं असतं. मूरसमोर चबुतऱ्याच्या उंचीवरून वाद होतो. मागून आलेलं एक शाळकरी पोरगं, सहलीतून चुकलेलं, या घोळक्यात शिरतं, शिल्पाकडे मान तिरकी करून बघतं आणि मोठ्याने विचारतं, ‘बाळाला डोळे का नाहीत?’ पन्नास माना वर होतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी शिल्पाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलेलं असतं.

उतरताना पायऱ्यांवर समूहछायाचित्र. या लोकांच्या नोकरीतला मोठा भाग दरबारी छायाचित्रांतल्या पगडीवाल्यांची नावं शोधण्यात गेलेला असतो. ‘डावीकडून तिसरे अज्ञात, चौथे अज्ञात, बसलेले: श्रीमंत, नाव उपलब्ध नाही.’ मागच्या पिढीने फोटोमागे चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं, यावर तळमळीने बोलत सगळे उन्हात डोळे बारीक करून उभे राहतात. फोटो निघतो. नावं नंतर लिहू, असं ठरतं. कुणाला पाचची गाडी गाठायची असते, कुणाला पेढे.

महिन्याभराने अहवालासाठी तो फोटो गटावर येतो. सोबत आयोजकांचा निरोप: ‘कृपया नावे कळवा.’ तेरवाले कळवतात, कोल्हापूरवाले कळवतात. मागच्या रांगेतला एक टोपीवाला उरतो, चेहऱ्यावर निम्मी सावली. कुणी म्हणतं नाशिकचे, कुणी म्हणतं बसचे चालक. दोन दिवस तर्क चालतात. तिसऱ्या दिवशी खुद्द आयोजकांचाच निरोप येतो, ‘टोपीवरून मीच असावा.’