खट की कट?

पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखव म्हटलं की पोरं मिठाची गुळणी धरतात, तशी गाडी गॅरेजात धरते. घरून निघताना प्रत्येक वळणावर कुरकुरणारी माझी गाडी तिथे मात्र कालच शोरूममधून आणल्यासारखी निमूट वळते. मेकॅनिक विचारतो, "कसला आवाज येतो, साहेब?" आणि आपण शिकली-सवरलेली माणसं उत्तर देतो, "म्हणजे... एक प्रकारचा आवाज."

अशा वेळी अण्णा लागतात. प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे बी विंगच्या तळमजल्यावर, पार्किंगला खेटून राहतात. उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेली. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. बॉनेटचा 'टक' कानावर पडला की हातातला चहा तसाच ठेवून, बनियनवर, टॉर्च घेऊन बाहेर. मागून काकूंचा आवाज येतो, पण तो आवाज अण्णांना ऐकू येत नाही.

अण्णांचं सगळं शास्त्र शब्दांवर उभं आहे. मी म्हणालो, "वळताना खटखट होतं."

"खटखट की कटकट?"

"फरक असतो?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दहावीला मराठीत मिळालेले मार्क परत करावेसे वाटले.

फरक असतो. स्टेअरिंग पूर्ण कापून जरा रेस दिली आणि चाकाच्या वेगानं 'कट-कट-कट' वाढत गेली, तर तो सीव्ही जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, आत माती शिरते आणि आतल्या सहा गोळ्या खोबणीत दात खायला लागतात. 'घूंऽऽ' असेल तर व्हील बेअरिंग. डावीकडे वळताना वाढलं तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. बारीक खड्ड्यांतली 'खडखड' लिंक रॉडची. ब्रेक लावताना एकच घसघशीत 'खट्' आला तर लोअर आर्मचा बुश गेला. जो 'खट' आणि 'कट' एक समजेल त्याला अण्णा स्कूटरच घ्यायला सांगतात.

"आमच्या पद्मिनीला ही कटकट नव्हती," हे वाक्य इथे येतंच. खरं आहे. पद्मिनीची मागची चाकं ढकलायची, पुढच्यांनी फक्त वळायचं. १९८३ साली मारुती ८०० आली आणि ओढणं, वळणं, दोन्ही कामं पुढच्या चाकांच्या गळ्यात पडली. अण्णांच्या मते देशात सगळ्यांनाच दोन-दोन कामं करायला लावायची पद्धत तेव्हापासून पडली. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरचा पद्मिनीचा क्रॉस खडखडायचा, हे मात्र ते सांगत नाहीत.

रविवारी तपासणी झाली. गाडी उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, मी स्टेअरिंगवर. अण्णा उजव्या चाकापाशी उकिडवे, हात मडगार्डच्या आत. स्प्रिंगला बोटं नुसती टेकवायची, वेटोळ्यात घालायची नाहीत, हे त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे वॉचमन, इस्त्रीवाला आणि "विकून टाका हो" एवढंच म्हणायला थांबलेले सेक्रेटरी.

"फिरव. हळू. अजून."

टणंऽग!

सवाईत समेवर येताना रसिकांचा चेहरा होतो, तसा अण्णांचा झाला. "हातात उडी मारली बघ! वरचं बेअरिंग."

मग वर्ग भरला. चाक वळतं तशी शॉकअपवरची स्प्रिंगही वळते. वर, जिथे ती बॉडीला टेकते, तिथे एक बेअरिंग असतं. ते गंजून अडकलं की स्प्रिंगचं वरचं टोक वळायला तयार नसतं. दोरीसारखा पीळ चढत जातो आणि एका क्षणी सुटतो.

"पण गेल्याच महिन्यात दोन्ही शॉकअप नवे टाकलेत," मी म्हणालो.

"आणि बेअरिंग?"

गॅरेजचं बिल काढून पाहिलं. शॉकअप होते, मजुरी होती, बेअरिंग नव्हतं. सगळं खोलून झाल्यावर जुनंच परत बसवलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. इन्स्पेक्शनवाली माणसं अशा वेळी बोलत नाहीत, फक्त चष्मा पुसतात.

पाना मात्र ते स्वतः हातात घेत नाहीत. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता मोकळी केली तर जबडा फोडते, असं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी मला चिठ्ठी दिली. दुसऱ्या गॅरेजातल्या मेकॅनिकनं ती मोठ्यानं वाचली: "आवाज: टणंग. अनुस्वार स्पष्ट. जागा: उजवीकडे वर. बेअरिंग दोन्ही बाजूंची बदलणे. नंतर व्हील अलाइनमेंट विसरू नये." तो हसला नाही. "बी विंगवाले अण्णा का?" एवढंच विचारलं.

आवाज गेला. तुमच्याही गाडीला असं काही होत असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत आमच्या पार्किंगमध्ये या. फी नाही. फक्त आवाज घरून नीट पाठ करून या. "एक प्रकारचा आवाज" म्हणालात, तर अण्णा चहा संपवायला आत निघून जातात.