पाच नंबरचं बाळ

भाच्याची मॅच बघायला गेलो होतो. मैदानाच्या फाटकाशी एक गृहस्थ बुटाची नाडी बांधत बसले होते. त्यांना विचारलं, "काका, चौदा वर्षांखालची हॉकी इथंच आहे ना?" "हां, इथंच," म्हणाले, उठले, शेजारी टेकवलेली स्टिक उचलली आणि वॉर्मअपला पळाले. पाठीवर पाच नंबर होता.

थोड्या वेळानं दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. आमच्या बाजूला अकरा मापांची अकरा पोरं. कुणाची हाफपँट गुडघ्याखाली, कुणाचे शिनगार्ड मांडीला टेकलेले. समोर उभं होतं ते मात्र थेट वरातीतलं मित्रमंडळ. भाचा चार फूट सात इंच. त्याची स्टिक त्याच्या बरगडीपर्यंत येते. पाच नंबरच्या हातात ती लाटण्यासारखी दिसली असती. भाचा धावत कडेला आला आणि कानाशी लागला, "मामा, तो पंचांना अरे-तुरे करतोय."

"ओळख असेल."

"एका वर्गात होते म्हणे."

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सात-शून्य. हॉकीचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर भरतो आणि दगडासारखा टणक असतो. पाच नंबरनं फटका मारला की आमचा बचाव दोन्ही बाजूंना सरून चेंडूला वाट करून द्यायचा, रुग्णवाहिकेला देतात तशी. हे शहाणपण दाखवल्याबद्दल कुणी त्यांना भित्रं म्हणू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर तो फटका बसला असता तर रुग्णवाहिका खरोखरच लागली असती.

मध्यंतरात समोरच्या संघाचे सर भेटले. मी नम्रपणे विचारलं, "सर, पोरं जरा मोठी वाटतात?"

"अंगानं मोठी आहेत हो. दूध पितात घरचं."

आता दुधाच्या बाबतीत नगर जिल्ह्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. संगमनेरपासून राहात्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ कॅनांचा खडखडाट चालू असतो. पण दूध पिऊन उंची वाढते, दाढीचे खुंट येत नाहीत. आणि दुधानं कुणाचं नाव मतदार यादीत चढल्याचं तर मी ऐकलेलं नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी. नुसत्या अंगावरून वय ठरवायला गेलं तर भलत्याचाच बळी जातो. आमच्याच संघाचा गोलकीपर बघा. पाच फूट आठ इंच, आवाज फाटलेला, वरच्या ओठावर लव. पोरगं खरोखर तेरा वर्षांचं आहे. त्याची आई प्रत्येक सामन्याला प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि दवाखान्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन येते, कारण प्रत्येक मैदानावर पहिला आक्षेप त्याच्यावरच येतो. पाच नंबरच्या घरून कुणी आलं नव्हतं. त्याची कागदपत्रं चोख होती. ज्याचं वय खरं असतं त्याच्याच कागदात काहीतरी खोट निघते: नावात एक वेलांटी चुकलेली, नाहीतर वडिलांच्या नावाचा अर्धा 'र' गळालेला. ज्याचा दाखला मुद्दाम बनवलेला असतो त्यात शुद्धलेखनाची चूक कशी सापडेल? लक्ष देऊन केलेलं काम ते.

खरं म्हणजे आमच्या अहमदनगर शहराला जन्मतारखेचं वावडं असायचं काही कारण नाही. अहमद निजामशहानं 28 मे 1490 रोजी शहराचा पाया घातला, अशी तारखेसकट नोंद आहे आणि दर वर्षी शहराचा वाढदिवसही होतो. जिल्ह्यातल्याच चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींची तारीखही पक्की: 31 मे 1725. म्हणजे तीनशे आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या तारखा आम्हाला दिवसासकट पाठ आहेत, आणि तेरा वर्षांपूर्वी जन्मलेल्या पोराची तारीख विचारली की "बघावं लागेल". पुढे शहराचं नाव बदललं, 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव सरकारी कागदावर आलं, पण जन्मतारीख तीच राहिली. आमच्या खेळाडूंची तऱ्हा उलटी आहे. नाव तेच राहतं, तारीख बदलते.

28 मे शहराचा, 31 मे अहिल्यादेवींचा, आणि दुसऱ्याच दिवशी, 1 जूनला, उरलेल्या जिल्ह्याचा वाढदिवस. त्यात मीही आलो. आईला विचारलं तर ती म्हणते, तू झालास तेव्हा बाजरी सोंगायला आली होती. बाजरी जूनमध्ये सोंगायला येत नाही, पण गुरुजींना बाजरीशी काय देणंघेणं? शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं हवं, मग लिहा 1 जून. डाव्या कानाला उजवा हात डोक्यावरून पोचला की वय भरलं. आमच्या जनरल रजिस्टरात ओळीनं एकोणीस मुलं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. एका गावात एका दिवशी एकोणीस बाळंतपणं झाली असती तर सुईणीचा पुतळा उभारावा लागला असता.

पण गुरुजींच्या त्या लबाडीत लोभ नव्हता, फक्त कंटाळा होता. नव्या पिढीनं यात प्रगती केली आहे. शालेय स्पर्धांचा हिशेब 1 जानेवारीला होतो. 2025-26 च्या मोसमात चौदा वर्षांखाली खेळायचं तर जन्म 1 जानेवारी 2012 चा किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे हल्ली मैदानावरची पोरं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्माला येतात. आमची पिढी जूनची, ही जानेवारीची. सात महिने पुढे गेलो आपण.

यावर परदेशात मोठं संशोधन झालेलं आहे. कॅनडात हॉकी बर्फावर खेळतात. तिथले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एकदा ज्युनियर सामन्याला गेले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पॉला खेळाडूंची यादी चाळत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, निम्मीशिम्मी पोरं वर्षाच्या सुरुवातीची. 1985 मध्ये बार्न्सलींनी आकडे मांडून दाखवलं की वरच्या ज्युनियर संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते. कारण साधं आहे. तिथंही गटाची रेघ 1 जानेवारीला. जानेवारीचं पोरगं त्याच गटातल्या डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं, म्हणून अंगानं भरलेलं, म्हणून निवडलं जातं, म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो. डिसेंबरचं पोरगं बाकावर बसून खेळ सोडून देतं. एवढं सगळं त्या बिचाऱ्या देशात निव्वळ निसर्गनियमानं घडतं. आई-बापांनी फार तर नऊ महिने आधी कॅलेंडर बघायचं. आपल्याकडे तेवढी तसदी नाही. पोरगं कधीही होऊ द्या, जानेवारीत नंतर नेता येतं. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणून उशिरा करता येते. कायद्यानं ती सोय ठेवली रानात, पालावर, उसाच्या फडात जन्मलेल्या लेकरांसाठी. तिचा लाभ घेतं शहरातल्या दवाखान्यात जन्मलेलं पाच नंबर.

आता तुम्ही म्हणाल, ही विद्या क्रीडाशिक्षकांनी शिकवली. त्यांना उगाच श्रेय देऊ नका. वय कमी करण्याचा श्रीगणेशा माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर होतो. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. कंडक्टर जवळ आला की आई कोपरानं ढोसते, "वाकून बस. विचारलं तर अकरा सांग." त्याच बाकावर शेजारी आजोबा बसलेले असतात. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट झाला तसे ते एकाहत्तरावरून एकदम पंचाहत्तरला पोचले. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात, म्हणून आजीही काही वर्षं पुढे आहे. चुलते सरकारी नोकरीत, त्यांना निवृत्ती लांबवायची असल्यामुळे ते मागे सरकायच्या प्रयत्नात. घरात सगळ्यांची वयं आपापल्या योजनेप्रमाणे पुढेमागे पळत असताना तेरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं तेरावरच का थांबावं?

पाच नंबर सामन्यानंतर मोटारसायकलवर बसून गेला. मागे त्यांचा गोलकीपर, पुढे पॅडची पिशवी. म्हणजे एका खिशात अठराचं लायसन्स आणि दुसऱ्या खिशात तेराचं ओळखपत्र. दोन्हींवर शिक्का असतो. वाहतूक पोलिसाला पहिला खिसा दाखवायचा, पंचाला दुसरा. चुकून खिसे अदलाबदल झाले तर मात्र दोन गुन्हे होतात.

आणि हे सगळं कशासाठी, तर प्रमाणपत्रासाठी. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. प्रमाणपत्रावर कुठंही लिहिलेलं नसतं की समोरचा डिफेंडर पाचवीत होता. राहुल द्रविडनं 2015 साली दिल्लीत पतौडी व्याख्यानात हा विषय काढला होता. आई-बाप आणि प्रशिक्षकच खोटा दाखला बनवताना पोरानं पाहिले, तर ते पुढे काय शिकेल, असा त्याचा सवाल होता आणि त्यानं हा धागा थेट फिक्सिंगपर्यंत नेला. टाळ्या पडल्या असतील. आपल्याकडे टाळ्यांची कमतरता कधीच नव्हती.

उपाय नाही असं नाही. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायचा, तेरा हाडांच्या टोकांची वाढ तपासायची आणि त्यावरून हाडाचं वय काढायचं. टॅनर आणि व्हाइटहाउस या दोन इंग्रजांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. तिची तिसरी आवृत्ती 2001 ची, आणि सोळा वर्षांखालच्या क्रिकेटसाठी भारतीय क्रिकेट मंडळ ती वापरतं. फुटबॉलवाले 2009 पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय करतात. हाडाला महसूल खात्यात ओळख काढता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोषही आहे. एखाद्याचं हाड वयाच्या पुढे धावतं, एखाद्याचं रेंगाळतं. आमच्या गोलकीपरचं पुढे धावत असणार, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत आता एक्स-रेही आला. शिवाय मुलांच्या बाबतीत साडेसोळाच्या पुढे हे हाड मुकं होतं, कारण वाढ संपलेली असते. पाच नंबरचं मनगट एवढंच सांगेल की इथलं बांधकाम पूर्ण झालं आहे. किती वर्षांपूर्वी, ते नाही सांगायचं.

मोठ्या गटातले कुस्तीवाले याबाबतीत सुखी. काट्यावर उभं राहायचं, भरेल तो गट. काट्याला मुख्याध्यापकांची सही लागत नाही. भांडणं तिथंही होतात, 2025 च्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसली ती याच नगरात. पण निदान पैलवान किती किलोचा, यावर ते भांडण नव्हतं.

मला जास्त वाईट वाटतं ते हॉकीचं. हा खेळ खरं तर बुटक्यांना, चपळांना, मनगटवाल्यांना सांभाळून घेणारा. समोरच्याच्या स्टिकखालून चेंडू काढून नेणं हे अंगाचं काम नाही. पण चौदा वर्षांखालच्या सामन्यात दाढी केलेला मुलगा असला की ड्रिबलिंग करायचं कारणच उरत नाही. तो जोरात मारतो, बाकीचे बाजूला होतात, गोल. त्याला कौशल्य शिकायची गरज पडत नाही आणि आमच्या भाच्याला ते वापरायची संधी मिळत नाही. पंडित नेहरूंना 1942 ते 1945 याच शहरातल्या किल्ल्यात डांबून ठेवलं होतं. त्यांच्या नावानं शालेय हॉकीची देशातली मोठी स्पर्धा भरते, तिथपर्यंत जायची भाच्याची फार इच्छा आहे. किल्ला त्याच्या शाळेपासून सायकलवर दहा मिनिटं. स्पर्धा मात्र पाच नंबरच्या पलीकडे आहे.

हे सगळं लिहून लेख पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, याची जन्मतारीख 28 डिसेंबर 2012 आहे."

"माहीत आहे. रात्री डबा घेऊन मीच आलो होतो दवाखान्यात."

"पुढच्या मोसमाला 1 जानेवारी 2013 नंतरचा जन्म लागतोय. चार दिवसांनी बाहेर जातोय रे तो. चारच दिवस. तुझी ओळख आहे ना नोंदणीच्या कार्यालयात?"

ओळख आहे. मी म्हटलं, बघतो. नंतर लेख पुन्हा वरून वाचला आणि तिला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. भाचा पुढच्या मोसमात सतरा वर्षांखाली खेळेल. पाच नंबर अजून चौदा वर्षांखालीच आहे.