मामा घर दाखवतात

घर विकायला काढलेला कंधारचा मामा ओळखायला सोपा. विचारलेलं सोडून तो बाकी सगळं सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, माळवद गळतं का?" मामा राष्ट्रकूटांपासून सुरू करतात. तिसरा कृष्ण, मग किल्ला, खंदक, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव. "हजार वरसं झाली, पाणी हटलं न्हाई बगा!" गिऱ्हाईक तलावाच्या पाण्यावर खूश; माळवदातलं पाणी बाजूलाच राहतं.

घर दाखवायचा मुहूर्तही ठरलेला. मे महिन्यात माळवद कोरडं ठणठणीत, पण बोअरही कोरडंच. श्रावणात बोअरला पाणी, आणि स्वयंपाकघरातही. म्हणून मामा दाखवतात दिवाळीत. भिंतींना नुकता चुना, ओलीच्या डागावर देवाचं कॅलेंडर, आणि ते कुणी उचलून बघू नये म्हणून त्याला ताजा हार.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ अशा मामांसाठीच लिहिलेलं असावं. घरातला किंवा मालकीतला मोठा दोष, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही, तो आपण होऊन सांगायचा. मागितले की कागद दाखवायचे. विचारलं त्याचं, माहीत असेल तसं, उत्तर द्यायचं. दोष दडवला तर ती फसवणूक. गिऱ्हाईक म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी, कर्ज मंजूर झालेले. त्यांनी हे ऐकवलं तेव्हा मामा हसले. "१८८२ ला कंधार निजामाकडं व्हतं, गुरुजी. त्यो इंग्रजांचा कायदा, इंग्रजांच्या मुलखात." इतिहास चोख, १९४८ नंतरचा तेवढा मामा सांगत नाहीत. शिवाय कायदा धरतो गप्प बसणाऱ्याला. मामा गप्प बसतात कुठे?

कागद मागितले की अख्खी ट्रंक पुढे येते. वर नगरपालिकेच्या कराची पावती, वीजबिल, कुणाची तरी लग्नपत्रिका, आणि तळाशी आजोबांचा निजामी शिक्क्याचा उर्दू कागद. "घ्या, मूळ मालकीचा!" दाखवायचं काम मामांचं, वाचायचं गुरुजींचं. कंधारात उर्दू वाचणारं माणूस एका चहात मिळतं. कागद निघाला घर सावकाराकडे गहाण ठेवल्याचा.

"फेडलं की ते!"

"फेडल्याचा कागद?"

"आजोबांची जबान व्हती."

बहिणीचा विषय निघाला की मामांचे डोळे भरतात. "तिचा लई जीव हाय या घरावर." गुरुजींना वाटलं, माया आहे. माया होतीच. पण वडिलोपार्जित घरात हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि बहिणीचं हक्कसोडपत्र काही ट्रंकेत नव्हतं. खरं तर कायद्याला हवी ती माहिती मामांनी देऊन टाकली होती, फक्त गळा दाटून.

गुरुजीही कच्चे नव्हते. त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढली. मागची बखळ, जिथं शेजाऱ्याची म्हैस बांधलेली असते, ती मामांच्याच हद्दीत निघाली. मामांना पत्ता नाही. आता हेच कलम ५५ घेणाऱ्यालाही सांगतं, की विकणाऱ्याचा हक्क त्याच्या समजुतीपेक्षा मोठा आहे आणि त्यानं किंमत चांगलीच वाढते, हे तुला कळलं असेल तर तूही सांग. गुरुजी नक्कल घडी करून आतल्या खिशात ठेवून आले.

मामांनी चहा मागवला. "नकाशात काय निघालं?"

गुरुजींनी शाळेतल्या खिचडीपासून सुरुवात केली. मग बदल्या, मग वेतन आयोग, मग पोरीची नीट परीक्षा आणि लातूरच्या क्लासची फी.

मामांनी बशी खाली ठेवली.

"गुरुजी, आज तुमी कामून एवढं बोलू लाले?"