पहिलं टेंडर भरताना

रस्ता कसा बांधावा हे शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. तुम्हांला तूर्त त्यांचा उपयोग नाही. खडी, मुरूम, डांबर हा विषय फार पुढे येतो. काही कंपन्यांच्या वाट्याला तर तो येतच नाही, पेटी कंत्राटदाराकडे जातो. आपल्याला कंत्राट मिळवायचं आहे आणि कंत्राट हा कागदाचा धंदा आहे.

आधी नाव. नावात 'इन्फ्रा' हवंच. 'अमुक अँड सन्स'वर भागायचं ते दिवस गेले. आमच्या तालुक्यात पाटाच्या चाऱ्या खोदून वर आलेली घराणीही आता 'इन्फ्राप्रोजेक्ट्स' झाली आहेत. जेसीबी तोच आहे.

मग अनुभव. सरकारी काम मिळायला सरकारी काम केल्याचा दाखला लागतो. केंद्रीय दक्षता आयोगाचा ठोकताळा असा: गेल्या ७ वर्षांत तशाच प्रकारची ३ कामं, प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची, किंवा ५० टक्क्यांची २, नाहीतर ८० टक्क्यांचं १. म्हणजे १०० कोटींचा पूल हवा असेल तर आधी ८० कोटींचा बांधलेला पाहिजे. तो मिळायला ६४ कोटींचा. असं मागे मागे जात राहिलात की आजोबांनी बांधलेल्या ग्रामपंचायतीच्या मोरीपाशी येऊन पोचता. ज्यांच्या आजोबांनी मोरी बांधली नाही, त्यांच्यासाठी जॉइंट व्हेंचरची सोय आहे. दाखला भागीदाराचा, धावपळ तुमची.

आता मुख्य विषय, दर. आपल्याकडे कंत्राटदार एकमेकांना 'कितीला घेतलंस' असं विचारत नाहीत. 'किती बिलो गेलास' असं विचारतात. सरकार दरसूचीवरून अंदाजपत्रक करतं आणि तुम्ही त्याच्या किती टक्के खाली करायला तयार आहात, यावर सगळं ठरतं. सर्वांत खाली जाईल तो एल-वन. रस्त्यांच्या दरांचं पृथक्करण होतं तेव्हा त्यात कंत्राटदाराचा १० टक्के नफा धरलेला असतो. मग २५ टक्के बिलो जाणारा माणूस नफा सोडून उरलेले १५ टक्के कुठून आणतो? हा प्रश्न निविदेत विचारत नाहीत. पावसाळ्यात विचारतात. फारच खाली गेलात तर ज्यादा अनामत मागतात, म्हणजे स्वस्तात काम करायला तयार झाल्याबद्दल आणखी पैसे अडकवून ठेवायचे.

लिफाफे दोन असतात. पहिला तांत्रिक, दुसरा आर्थिक. पहिल्यात नापास झालात की दुसरा उघडतच नाही, मग आत कितीही गोड आकडा असो. २०२५ मध्ये ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदेत एल अँड टी पहिल्याच लिफाफ्यात बाद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे तिचा आकडा पात्र ठरलेल्या बोलीपेक्षा सुमारे ३,००० कोटींनी कमी असल्याचं पुढे आलं आणि एमएमआरडीएने निविदाच रद्द केली. म्हणून पहिल्या लिफाफ्यातल्या प्रत्येक पानावर सही-शिक्का आहे ना, हे कंपनीतल्या सर्वांत कंटाळवाण्या माणसाकडून तपासून घ्या. अशा माणसाला पगारवाढ द्यावी, असं माझं मत आहे.

मी एकेकाळी हा कंटाळवाणा माणूस होतो. ओळखीतल्या एका कंत्राटदारांकडे, त्यांना सगळे अण्णा म्हणत, कागदपत्रं सांभाळायचो. एकदा एका रस्त्याची निविदा दुपारी ३ वाजता बंद होणार होती. दर फुटतो, या भीतीने अण्णा आकडा शेवटपर्यंत सांगत नसत. अडीचला त्यांनी शर्टाच्या खिशातून पानपट्टीच्या चिठ्ठीचा कपटा काढला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: १४.०१. तो शून्य एक फार महत्त्वाचा; शेजारचा १४ वर थांबेल, असा अण्णांचा होरा. मी डिजिटल सहीचा डोंगल लावला. लॅपटॉपने तो ओळखला नाही. काढला, शर्टाला पुसला, दुसऱ्या खाचेत घातला. अण्णांनी फुंकर मारून पाहिली. २ वाजून ५२ मिनिटांनी दिवा लागला आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं. ३ वाजेपर्यंत ते फिरतच होतं. काम १२ टक्के बिलोला गेलं. अण्णा अजून माझ्याशी सगळ्या विषयांवर बोलतात, रस्ता सोडून.

रेल्वेच्या कामात आणखी एक देवता असते, ब्लॉक. रुळावर गर्डर चढवायचा तर गाड्या थांबल्या पाहिजेत आणि त्या तुमच्या सोयीने थांबत नाहीत. शिवाय पुलाचा रुळांवरचा तुकडा एकाच्या हद्दीत, दोन्हीकडचे पोहोचरस्ते दुसऱ्याच्या. अंधेरीचा गोखले पूल २०२४ च्या फेब्रुवारीत एका बाजूने खुला झाला तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा चांगलाच खाली राहिला होता. नंतर तो जॅक लावून उचलावा लागला. नकाशे दोन्ही मंजूर होते.

समजा, जिंकलात. स्वीकृतीपत्र आलं, पेढे वाटले, कंपनी शेअर बाजारात असेल तर तिकडेही कळवलं. आता पैसे. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीचं काम असेल तर प्रकल्पखर्चाचे ४० टक्के बांधताना मिळतात, उरलेले ६० टक्के काम संपल्यावर १५ वर्षांत, हप्त्याहप्त्याने. भूमिपूजनाला जो नातू कडेवर होता तो शेवटचा हप्ता आला का विचारायला मोटारसायकलवरून जाईल. साध्या कामात रनिंग बिलं निघतात, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली तर. तोवर मजुरांना काय द्यायचं, हे तुमचं तुम्ही बघायचं.

ते नीट बघा. मुंबई-ठाणे लोहमार्गाचं काम करणाऱ्या विल्यम फेव्हिएलने पुढे बोरघाटाचं कंत्राट जिंकलं. १८५६ मध्ये काम सुरू झालं. अधल्यामधल्या कंत्राटदारांकडे मजुरी थकली, १८५९ मध्ये घाटात दंगा झाला आणि फेव्हिएलने काम सोडलं. ते सॉलोमन ट्रेडवेलला मिळालं. तो इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. कंत्राट पुढे चालवलं त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, दोन जाणकार इंजिनिअर हाताशी धरून. २५ बोगदे, हजारो मजूर, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून गाडी सुरू झाली. बाईंकडे तशाच प्रकारच्या कामाचा दाखला नव्हता. आज त्यांचा पहिला लिफाफाच बाद झाला असता.

तर उद्या तुमचं टेंडर ३ वाजता बंद होणार असेल, तर डोंगल सकाळी दहालाच लावून बघा.