एक्सेलकरांचा हिवाळा

हल्ली प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक एक्सेलकर असतात. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव टपालपेटीवर आहे, पण टपालपेटी आता बघतो कोण! वय साठीच्या आसपास, बँकेतून किंवा कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त, गुडघे अजून स्वतःचे. दिवाळी जवळ आली की लोकांना फराळाचे वेध लागतात, एक्सेलकरांना गुलमर्गचे.

गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मिटायच्या आत त्यांची शीट सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडते. पहिल्या पानावर स्कीइंगच्या जागांचा तौलनिक अभ्यास. औलीचा उतार नवशिक्यांना बरा. पण २०२३ च्या जानेवारीत खालचं जोशीमठ खचू लागलं नि तिथून वर जाणारा रोपवे बंद झाला, म्हणून औली लाल रंगात. गुलमर्ग हिरव्या रंगात. उंची २६५० मीटर, गोंडोलाचे दोन टप्पे: पहिला कोंगदूरीपर्यंत, दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर.

“वरच्या टप्प्यावर आपण फक्त बघायला जायचं,” ते बजावतात. “तिथून घसरत खाली येणारी माणसं वेगळी. त्यांचे विमे उतरवलेले असतात.”

“त्यापेक्षा महाबळेश्वर काय वाईट आहे?” असं एक गृहस्थ दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी सगळ्यात आधी पैसे भरतात.

रेल्वेनं नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, तेव्हा एक्सेलकरांच्या घरी सुतकी कळा होती. आयुष्यातले दोन महिने कुणी काढून घ्यावेत आणि वर त्याला प्रवाशांची सोय म्हणावं! पुढे जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत थेट रेल्वे सुरू झाली, तेव्हा कुठे ते सावरले. गाडी चिनाबच्या पुलावर आली की सगळ्यांनी कोणत्या बाजूच्या खिडकीत जमायचं, हेही आता शीटमध्ये आहे.

त्यांच्या तपशिलांची थट्टा करावी, तर ते नेमके खरे निघतात. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून पोस्टपेड करून घ्यायची शेवटची तारीख. गमबूट विकत घ्यायचे नाहीत, तनमर्गला भाड्यानं मिळतात. जीन्सला बंदी, सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवतं. आम्ही हसतो, आणि निमूटपणे जीन्स बॅगेतून बाहेर काढतो. एक्सेलकर नसते तर आमची सहल कुठे जायचं यावरच संपली असती.

डिसेंबर लागला की क्लबहाउसमध्ये व्यायाम. भिंतीला पाठ टेकवायची आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर राहायचं. मांड्या थरथरू लागतात, चेहरे लाल होतात. एक्सेलकर स्टॉपवॉच धरून उभे. वहिनी दारातून एकदा डोकावून म्हणाल्या, “घरात सहा खुर्च्या आहेत हो.”

त्यांच्या आराखड्यात एकच घटक बेशिस्त आहे, तो म्हणजे बर्फ. काश्मीरचा कडक थंडीचा काळ, ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालतो. एक्सेलकरांनी तो चातुर्मासासारखा कॅलेंडरवर नोंदवून ठेवलाय. पण २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडेच राहिले. महिना सरत आला तेव्हा कुठे बर्फ पडला. तेव्हापासून शीटमध्ये ‘पर्यायी बर्फ’ असा रकाना आहे. त्यात लिहिलंय, ‘सोनमर्ग. नवा बोगदा झाल्यानं हिवाळ्यातही रस्ता खुला. बर्फाबाबत चौकशी चालू.’ कुणाकडे चौकशी चालू आहे, ते विचारायचं नाही.

यंदा बर्फ वेळेवर पडला. सकाळी अकराला बाजाराजवळच्या सोप्या उतारावर प्रशिक्षण सुरू. शीटप्रमाणे ११.०० ते ११.२० तोल सांभाळणे, ११.२० ते १२.०० वळणे, मग कहवा. अकरा वाजून चार मिनिटांनी एक्सेलकर आडवे होते. एक स्की डावीकडे, एक उजवीकडे, माकडटोपी डोळ्यांवर.

“पिझ्झा बनाइए अंकल, पिझ्झा!” काश्मिरी पोरगा ओरडत होता. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब. वेग आपोआप कमी होतो.

“मालूम है! पान नंबर सात!” एक्सेलकर बर्फातून ओरडले.

त्यांना उठवायला दोघं गेले, तेही पडले. पडलेल्यांना हसायला जमलेल्यांतले निम्मे घसरले. सव्वाबाराला कहवा मिळाला. तो पिता पिता एक्सेलकरांनी हातमोजा दातांनी ओढून काढला, मोबाइल उघडला आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांना दुसऱ्या दिवसाचं सुधारित वेळापत्रक आलं: ११.०० ते ११.४०, पडणे (सामूहिक).